स्टीअरिंगवर कोण बसलंय?

गेले काही महिने मला एक सवय लागलीये. टीव्हीवर ब्रेक आला की चॅनल बदलायचं नाही, जाहिराती नीट बसून बघायच्या, आणि तीच जाहिरात परत लागली की म्यूट करून बघायची. म्यूट केलं तरी गोष्ट पूर्ण कळते, आणि मला नवल याचंच वाटतं, कारण तीस सेकंदांत कुणाची ओळख करून द्यायला वेळच नसतो. पांढरा कोट दिसला की डॉक्टर, पांढरे केस आणि शांत हसू दिसलं की अनुभवी माणूस, डाग बघून कपाळावर आठ्या आल्या की आई. हे सगळं आपणच मनातून पुरवतो, जाहिरात नुसती खूण करते.

मनात आधीपासून असलेल्या अशा साच्यांना मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग आर्किटाइप म्हणायचा. वीर, आई, शहाणा म्हातारा, खोड्या काढणारा. आणि व्लादिमीर प्रॉप नावाच्या रशियन अभ्यासकाने 1928 मध्ये परीकथांची मांडणी करताना दाखवलं होतं की नायकाला वाटेत कुणीतरी भेटतं आणि जादूची वस्तू देतं. साबणाची जाहिरात आठवून बघा, वस्तू तीच, आणि देणारा म्हणजे मागून येणारा तो भारदस्त पुरुषी आवाज. अडचण बाईची, उत्तर त्या आवाजाकडे. कपडे मात्र शेवटी तीच धुते.

साचा किती ताकदीचा असतो हे बघायचं तर मार्लबोरो बघा. ही सिगारेट 1924 पासून बायकांसाठी म्हणून विकली जायची, सौम्य, तिकडच्या वसंतातल्या मे महिन्यासारखी वगैरे. पुढे फिल्टर लावून ती पुरुषांना विकायची ठरली तेव्हा पंचाईत ही की फिल्टरवाली सिगारेट बायकी समजली जायची. शिकागोच्या लिओ बर्नेटच्या जाहिरात एजन्सीने 1955 च्या सुमारास त्यावर काय केलं, तर रांगडे पुरुष आणले, त्यातला काउबॉय पुढे सगळ्यांवर भारी पडला. घोडा, मोकळं माळरान, एकटा गडी. फिल्टर बायकी नाही हे पटवत बसायची गरजच उरली नाही. वाद घातला असता तर लोकांनी उलट वाद घातला असता, चित्राशी कोण भांडणार? 2 जानेवारी 1971 पासून अमेरिकेत टीव्ही-रेडिओवर सिगारेटच्या जाहिराती बंद झाल्या, पण तो काउबॉय छापील जाहिरातींत पुढेही बरीच वर्षं राहिला.

पण माझ्या डोक्यातून जात नाही ती ब्रिटनमधली फोक्सवॅगनची इलेक्ट्रिक गाडीची जाहिरात. तिथे जून 2019 मध्ये नियम आला की त्रासदायक ठरेल असा स्त्री-पुरुषांचा ठोकळेबाज साचा जाहिरातीत दाखवायचा नाही, आणि ऑगस्टमध्ये त्या नियमाखाली ज्या पहिल्या दोन जाहिरातींवर बंदी आली त्यातली ही एक. दोन पुरुष अंतराळवीर तरंगतायत, कृत्रिम पाय लावलेला एक खेळाडू लांब उडी मारतोय, आणि बाकावर एक बाई, शेजारी बाबागाडी. बदलाशी जुळवून घेतलं की माणूस काहीही करू शकतो असा एकूण सूर. तक्रारी आल्या फक्त तीन. कंपनीचं म्हणणं असं की मूल होणं हासुद्धा मोठा बदलच आहे, आणि ते खोटं नाही, बाळाजवळ बसलेल्या आईत वाईट काय? एकेक दृश्य सुटं बघितलं तर काहीच चुकीचं नाही. ओळीने लावलं की मात्र पुरुष काहीतरी करतायत आणि बाई बसलीये, आणि हे कुणी बोललेलं नाही, त्यामुळे खोडून काढायला एक वाक्यसुद्धा हाती लागत नाही. बंदी योग्यच होती असं मला मनापासून वाटतं, कारण जे बोललं जात नाही तेच सगळ्यात खोल रुजतं.

म्हणून आता मी पात्रांची अदलाबदल करून बघते. आजारी मुलाच्या उशाशी बाबा, बँकेच्या जाहिरातीत आकडे समजावणारी आजी. अदलाबदल केल्यावर गोष्ट तशीच चालली तर ठीक, पण 'बाबा का बसलेत, आई कुठेय?' असं मनात आलं की समजायचं, गृहीतक तिथे लपलंय, आणि ते जाहिरातीत आहे तेवढंच माझ्यातही आहे. गाडीची जाहिरात लागली की रंग, वेग, वळणदार घाट हे नंतर, आधी नजर जाते स्टीअरिंगकडे.