चांगला चालणारा पंप का काढला?

माझ्या महिंद्रा व्हेरिटो डिझेल गाडीचा टायमिंग बेल्ट मी घरीच, पार्किंगमध्ये बदलला आणि त्याच वेळी वॉटर पंपही, म्हणजे इंजिनात कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) फिरवणारा पंप, नवा टाकला. तेव्हापासून सोसायटीतले, ऑफिसातले, नात्यातले सगळे एकच विचारतात: "पंप गळत नव्हता, आवाज करत नव्हता, मग कशाला काढलात?" आता तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगतो.

पंप खरोखरच चांगला होता. काढल्यावर शाफ्ट हाताने फिरवून पाहिला, कुठे खरखर नाही. हलवून पाहिला, प्ले (ढिलेपणा) नाही. सीलजवळ कूलंट सुकून धरतो तसा पापुद्राही नव्हता. तरी तो परत बसवायचं मनात आलं नाही, कारण तो कुठे बसतो ते समोर दिसत होतं.

या गाडीत रेनोचं १,४६१ सीसीचं डिझेल इंजिन आहे. क्रँकवरून (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) निघालेला दातेरी टायमिंग बेल्ट कॅमशाफ्ट (हवा आत-बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) फिरवतो, डिझेलचा हाय प्रेशर पंप फिरवतो आणि त्याच वाटेत वॉटर पंपही फिरवतो. पंपाचं बेअरिंग जाम झालं तर बेल्टचे दात सोलून निघतात. सील गेलं तर कूलंट बेल्टवर उडतं. दोन्हींत मरतो बेल्टच, मग तो कालचा नवा का असेना.

आणि बेल्ट गेला की प्रश्न फक्त बेल्टचा राहत नाही. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी व्हावी, हे गणित तो बेल्ट सांभाळतो. २,००० आरपीएमला (मिनिटाला क्रँकच्या २,००० फेऱ्या) प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला सोळा-सतरा वेळा उघडतो, आणि पिस्टन वर यायच्या आत त्याने बाजूला व्हायचं असतं. बेल्ट तुटला की कॅम जागच्या जागी थांबतो, क्रँक मात्र वेगात फिरत राहतो. पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड (व्हॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग) उतरवावं लागतं. तेही आधी कसली चाहूल न लागता, बहुधा भर रस्त्यात.

दुसरं कारण मेहनतीचं. ड्रायव्हरच्या बाजूचं चाक काढा, आतलं प्लास्टिकचं लायनर काढा, सम्पखाली (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीखाली) फळी ठेवून इंजिनला जॅकचा आधार द्या, त्या बाजूचं फाउंडेशन (इंजिन धरून ठेवणारं माउंटिंग) सोडवा, क्रँक पुली काढा, कव्हर काढा. तेव्हा कुठे बेल्ट दिसतो. तिथून पंप म्हणजे फक्त काही बोल्टचं काम. पुढे पंप गळला तर हाच सगळा खटाटोप पुन्हा, वर बेल्टही नवा, कारण कूलंटने भिजलेला बेल्ट कुणी परत चढवत नाही. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि आयडलरचं (बेल्टला वाट देणारी पुली) बेअरिंगही तेवढंच चाललेलं असतं, म्हणून मी पूर्ण किटच आणतो.

घरी का केलं, हेही काही जण विचारतात. मला टायमिंग, म्हणजे क्रँक आणि कॅमचा मेळ, स्वतःच्या डोळ्यांनी जुळलेलं पाहायचं होतं. पांढऱ्या पेनने जुन्या बेल्टवर खुणा करून नवा चढवणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही, एखादा दात इकडेतिकडे झाला तर कळायला मार्ग नाही. या इंजिनाला लॉकिंग पिना, म्हणजे क्रँक आणि कॅम योग्य जागी अडवून धरणाऱ्या पिना, मिळतात. ब्लॉकवरचा प्लग काढून त्या जागी क्रँकची पिन पेचासारखी फिरवून बसवायची आणि क्रँक सावकाश, फक्त सरळ दिशेने, पिनेला टेकेपर्यंत फिरवायचा. कॅमची पिन पुलीच्या भोकातून थेट हेडमधल्या भोकात जाते. बेल्ट चढवून टेन्शनरचा काटा खुणेवर आणला, पिना काढल्या, क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवला, क्रँकची पिन परत बसवून क्रँक तिला टेकवला आणि कॅमची पिन पुन्हा घातली. ती जोर न लावता आत गेली तेव्हाच पुढच्या कामाला हात घातला. पिना आणि टॉर्क पान्हा (बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळणारा पान्हा) नसेल तर हे काम घरी काढू नका, मी मनापासून सांगतोय.

नवा बेल्ट हाताळतानाही जपावं लागतं. आत काचेच्या तंतूंच्या दोऱ्या असतात. बेल्ट मुडपला किंवा पिळला तर त्या आतून तुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

पंप बसवल्यावर कूलंट भरून एअर काढल्याशिवाय इंजिन चालू करू नका, कोरडं सील फिरलं की तिथेच खराब होतं. आणि बोअरचं पाणी घालू नका. आपल्याकडच्या जड पाण्याने आत खार धरतो. तयार मिश्रणाचं कूलंट घ्या, नाहीतर घट्ट कूलंटमध्ये डिस्टिल्ड वॉटर मिसळा.

प्रत्येक गाडीला हे लागू नाही. काही इंजिनांना टायमिंग चेन असते, काहींत वॉटर पंप बाहेरच्या फॅन बेल्टवर चालतो. तिथे पंप सहज निघत असेल तर चांगला पंप खुशाल राहू द्या. तुमच्या गाडीत काय आहे ते मॅन्युअलमध्ये पाहा. बेल्टची मुदतही तिथेच सापडेल, किलोमीटर आणि वर्षं दोन्हींत, आणि जे आधी भरेल ते धरायचं. गाडी उभीच असते म्हणून वर्षं मोजायची नाहीत, असं करू नका.