दोउरू नदीवर दोन दिवस: बोटीने वर, आगगाडीने परत

पोर्तुगालच्या दोउरू खोऱ्यात जायचं ठरवलं, तेव्हा माझी समजूत अशी होती की पोर्तो शहरात सकाळी बोटीत बसलं की लगेच दोन्ही काठांना द्राक्षमळे सुरू होतात. तसं नाही. सुरुवातीचे काही तास हिरवे डोंगर, ग्रॅनाइटचे कडे आणि काठावरची गावं दिसतात. पोर्ट वाइनचा खरा मुलूख कारापातेलू धरणाच्या वर, बार्केयरुशच्या आसपास सुरू होतो. आणि एका दिवसाच्या बऱ्याचशा बोटी तिथून थोडं पुढे, रेग्वाला संपतात. म्हणजे मळे ऐन रंगात यायला लागतात आणि तुम्ही उतरता. म्हणून आईला आणि मला एकच सांगावंसं वाटतं: रेग्वाला एक मुक्काम करा.

पहिल्या दिवसाची बोट मात्र चुकवू नका, कारण वाटेत दोन जलपाश लागतात, म्हणजे धरणाशेजारच्या दारं असलेल्या कोठ्या, ज्यांत पाणी भरून बोट वरच्या पातळीवर उचलतात. क्रेश्तुमाचा पहिला साधारण 14 मीटरचा, त्यात पूर्वतयारी होते. कारापातेलूचा दुसरा 35 मीटरचा, म्हणजे अकरा-बारा मजल्यांची इमारत! बोट दोन काळ्या भिंतींच्या फटीत शिरते, हात लांबवला तर भिंतीला लागेल इतकी जवळ. मागचं दार बंद होतं, ऊन जातं, विहिरीत उतरल्यासारखा गारवा येतो. भिंतीवरून पाणी ठिबकत असतं, शेवाळाचा वास येतो आणि सगळी बोट गप्प होते. मग भिंतीवरचे ओले दगड हळूहळू खाली सरकायला लागतात. आई माझा दंड धरून म्हणाली, "अगं, आपण वर चाललोय!" थोड्याच वेळात आम्ही धरणाच्या वरच्या पाण्यावर, लख्ख उन्हात होतो. यासाठी वरच्या डेकवर आधीच जागा धरा, आणि अंगावर एखादी शाल असू द्या.

शाकाहारी मंडळींनी एक जपा. बुकिंग करताना आम्ही लिहून कळवलं होतं, तरी जेवणात काल्दु व्हेर्द, म्हणजे पालेभाजी-बटाट्याचं सूप आलं आणि तळाशी सॉसेजची चकती निघाली. वाढणाऱ्याला पुन्हा सांगायचं: "सें कार्ने, सें पेश्शे", मांस नको, मासे नकोत. आमच्या दशम्या आणि लसणाची चटणी कामी आली.

दुसऱ्या दिवशी रेग्वाहून नदीच्या आणखी वरच्या पिन्यांव गावाला आगगाडीने गेलो. जेमतेम अर्धा तास. जाताना उजवीकडच्या खिडकीत बसा, येताना डावीकडच्या. नदी तिकडेच असते. पिन्यांवच्या स्टेशनवर निळ्या फरशांची 24 चित्रं आहेत, द्राक्षतोडणीची, टोपल्यांची, बोटींची. ती नीट पाहूनच धक्क्यावर उतरा.

तिथे राबेलुतून तासाभराची फेरी घेतली. राबेलु म्हणजे सपाट बुडाची लाकडी नाव. धरणं होण्याआधी, नदी खळाळत्या धारांची होती तेव्हा, याच नावांतून वाइन पोर्तोसमोरच्या गायापर्यंत उतरायची. आमची वाटाडी तरुण मुलगी होती, इथेच वाढलेली. तिने डोंगराकडे बोट दाखवून सांगितलं की इथे माती नव्हतीच. पाटीसारखा पापुद्र्यांनी फुटणारा शिस्ट दगड माणसांनी फोडून त्याची जमीन केली आणि उरलेल्या दगडांच्या ताली रचल्या. आपल्याकडे सह्याद्रीच्या उतारावर घालतात तशाच, पण पार आभाळापर्यंत. मधूनच ओसाड पायऱ्या दिसतात. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा किडीने वेल मारले, ते मळे पुन्हा कधी लागलेच नाहीत. त्यांना मोर्तोरियु म्हणतात. मला या पायऱ्यांवरून नजर हटवता येईना. 1756 साली पोर्तुगालचा मंत्री पोंबालने या प्रदेशाची हद्द आखली, त्याच्याही आधीपासूनचा हा खटाटोप!

वाइन किती, हे ती "पीपा"मध्ये सांगत होती. पोर्टच्या हिशेबात एक पीपा 550 लिटरचा. आई एकदम म्हणाली, "म्हणजे आपलं पिंप!" खरंच, हा शब्द पोर्तुगीजांकडूनच आपल्याकडे आला, बटाटा, चावी आणि घमेल्यासारखा. त्या मुलीला सांगितलं तर तिने तो दोनदा म्हणून घेतला: पिंप, पिंप.

जायचं तर सप्टेंबर उत्तम, तोडणी चालू असते. पण राहायची जागा फार आधी धरावी लागते. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशीला टेकतो, वयस्कर माणसं बरोबर असतील तर टाळा. टोपी आणि पाण्याची बाटली कधीही हवीच. पोर्ट गोड लागते म्हणून भराभर पिऊ नका. आंबवणं अर्ध्यावर थांबवायला तिच्यात द्राक्षांची कडक दारू घालतात, त्यामुळे गोडवा राहतो आणि ती साध्या वाइनपेक्षा बरीच चढते. बाटली घरी आणायची असेल तर कपड्यांत गुंडाळून चेक-इनच्या बॅगेत टाका. भारतात येताना माणशी 2 लिटरपर्यंत करमुक्त आणता येते.