गाडी!

रविवार, ८ फेब्रुवारी २०२६, नेरुळ

आज खारघरच्या डोंगरावर सायकल चढवताना मी ‘गाडी!’ म्हणून ओरडले. झालं ते एवढंच. दुपार कलली तरी डोक्यातून जात नाही म्हणून लिहायला बसले, नाहीतर मांड्यांच्या दुखण्यापलीकडे आज लिहिण्यासारखं काही नव्हतं.

त्या रस्त्यावर गाड्या नसतात. म्हणून तर मी तिथे जाते. खालचं गेट ओलांडलं की फणसवाडी-चाफेवाडीच्या लोकांच्या दुचाक्या सोडल्या तर इंजिनाचा आवाज कानावर पडत नाही. आणि माझ्या मागे कुणी नव्हतं. माझी सायकलची जोडीदार शमा नव्हती, कुणीच नव्हतं.

मग ओरडले कुणासाठी?

नीट क्रमाने आठवते. साडेपाचला निघाले. पाम बीच रस्त्यावर अंधार आणि खाडीकडून येणारा तो चिखलाचा वास. चाणक्य या जहाजी प्रशिक्षण संस्थेच्या मागे फ्लेमिंगो असणार, दिसले नाहीत, नुसती कुजबुज ऐकू आली. बेलापूरला उजाडायला लागलं, उत्सव चौकात चहावाला नुकता स्टोव्ह पेटवत होता. थांबले नाही. शमा असती तर थांबावं लागलं असतं.

दोन्ही पॅनिअरमध्ये, म्हणजे सायकलच्या दोन बाजूंना लटकवायच्या पिशव्यांमध्ये, पाच-पाच किलो तांदूळ भरला होता. मार्चमध्ये कोकणच्या सायकलसफरीला निघायचं तर वजनाची सवय आत्तापासून हवी, आणि तीही दोन्ही बाजूंना सारखी. एक बाजू किलोभर जड झाली तरी चढावर हँडल तिकडे ओढ खातं. पूर्वी आम्ही पाण्याच्या बाटल्या भरायचो. पण तहान लागली की शमा त्यातलंच पाणी प्यायची आणि तिची सायकल अर्ध्या रस्त्यात वाकडी चालायला लागायची. तांदूळ बरा, जागचा हलत नाही. दुकानदाराने कोलमच्या दोन पिशव्या दिल्या तेव्हा ‘पाहुणे येणारेत वाटतं’ म्हणाला. मी हो म्हटलं. कालपासून मी दोनदा खोटं बोलले, त्यातलं हे पहिलं.

चढ नेहमीसारखाच. पुढचं सगळ्यात लहान चक्र २८ दात्यांचं, मागचं सगळ्यात मोठं ३४ चं. पायडलचा एक फेरा पुरा झाला की सायकल पावणेदोन मीटर सरकते, जास्त नाही. मिनिटाला साठ फेरे मारले तर तासाला सहा किलोमीटर. म्हणजे झपाझप चालणारी माणसं आणि मी, आमच्यात फरक नाही. सेक्टरमधले सकाळचे आजोबा लोक ‘चला ताई, चला’ म्हणत बाजूने जातात, आणि त्यातले एक-दोघे खरंच पुढे निघून जातात. मला त्याचं काही वाटत नाही. वाटतं थोडंसं. गवत सगळं वाळून पिवळं झालंय, एका ठिकाणी वणव्याने काळा पट्टा ओढलाय. काटेसावरीला पान नाही आणि फुलं मात्र लालभडक. कुणीतरी उगीच आनंदात असावं तशी ती उभी होती.

तर तिच्याच पुढच्या वळणाला मागून घरघर आली. अलिबागच्या वाटेवर कार्लेखिंडीत लोडेड ट्रक मागून दुसऱ्या गिअरवर चढत यायचा, थेट तसाच आवाज. आणि मी ओरडले. ‘गाडी!’ नुसती ओरडले नाही, डावा हात कंबरेमागे नेऊन दोनदा हलवला, डावीकडे झाले, श्वास धरला, गाडी पुढे जायची वाट बघितली.

गाडी डोक्यावरून गेली. विमान होतं. उलव्याच्या नव्या विमानतळावरून उठलेलं. २५ डिसेंबरपासून उडतायत, पण माझ्या कानांना अजून ते कळलेलं नाही. तिथली टेकडी कापून सपाट करत होते तेव्हा आम्ही इथूनच बघायचो, इवले इवले डंपर. शमा म्हणायची, बघ, एक चढ कमी झाला.

हसू यायला हवं होतं. पण पोटात खड्डा पडला.

वळणावर, कठड्याशी, एक बाई बसली होती. शेजारी लाकडाची मोळी. तिने सगळं पाहिलं असणार, ओरडणंही आणि हातवारेही. मी जवळ गेले तशी म्हणाली, ‘कुणाला हाका मारतेस?’

मी म्हटलं, ‘मैत्रिणीला. मागून येतेय.’

हे दुसरं. का म्हटलं, माहीत नाही. ‘विमान ऐकून घाबरले’ म्हणायला काय हरकत होती? बाईने खाली रस्त्याकडे बघितलं. तिथून तीन वळणं तरी दिसतात, रस्ता मोकळाच होता. मग म्हणाली, ‘मंग थांब की तिच्यासाठी. म्होरं काय पळतेस?’

आता तिच्यासमोर निघून कसं जाणार? उतरले. सायकल कठड्याला टेकवली. थांबले. न येणाऱ्या माणसाची वाट बघत भर उन्हात मी तिथे उभी. घड्याळात बघितलं तर चार मिनिटं झाली होती, मला तासभर वाटला. चिक्की काढली, तिला दिली, मी खाल्ली. ती दाताखाली चिक्की फोडत खालच्या रस्त्याकडे बघत होती, मीही. खोटं असं असतं, एकदा बोललं की त्याच्याबरोबर उभं राहावं लागतं. शेवटी तिनेच मोळी डोक्यावर घेतली, ‘दमली असंल’ म्हणाली आणि चाफेवाडीकडे चालू लागली.

वर पठारावर गेलेच नाही मी. तिथूनच मागे फिरले.

‘म्होरं काय पळतेस.’ उतारभर तेच. २०१२ पासून आम्ही दोघी, आणि कायम मी पुढे, ती मागे. असं कधी ठरलं नव्हतं. वारा मी अंगावर घ्यायची, रस्ता मी बघायची, ओरडायची मी. खड्डा. ब्रेकर. खडी. गाडी. करंजाहून लाँचने रेवसला उतरलो की पुढे श्रीवर्धनपर्यंत माझा घसा बसलेला असायचा. मला वाटायचं, मी तिला सांभाळतेय. आज पहिल्यांदा मनात आलं, मी मागे वळून किती वेळा बघितलं असेल? ओरडलं की बघावं लागत नाही. ओरडणाऱ्याचं काम संपतं तिथे. काशीदच्या चढावर तिला चक्कर आली होती तेव्हाही मी वर पोचून नारळपाणी मागवलं होतं, दोन. वीस मिनिटांनी माझ्या लक्षात आलं. दिघीच्या जेट्टीवर ती जे बोलली ते त्यावरूनच. ते जाऊ दे.

आणि गेल्या वर्षभरात तरी काय वेगळं केलं? तिचं ते आजारपण निघालं तेव्हा मी फोनवर पत्ते दिले, नंबर दिले, कुठलं चांगलं, कुठलं नको. खड्डा, ब्रेकर, खडी. वळून बघायला गेले का? गेले होते, एकदा. खुर्चीच्या टोकावर बसले होते.

घरी आले तेव्हा ब्रेकच्या रबरांना जळका वास येत होता. उतारावर दोन्ही ब्रेक आलटून पालटून, थोडे थोडे दाबायचे असतात, एवढं वजन असताना तर नक्कीच. मी सगळा डोंगर मागचाच दाबून उतरले. सुहासने दार उघडलं, पॅनिअर बघितल्या, म्हणाला, ‘तांदूळ फिरवून आणलास? डोंगर आवडला का त्याला?’ रडूच यायला लागलं. त्याला वाटलं पडले. गुडघे, कोपर तपासून बघितले त्याने. मग वरण-भात टाकला. त्याच तांदळाचा.

जेवल्यावर तिला मेसेज केला. खूप मोठा लिहिला होता, माफीबिफी. सगळा पुसला. नुसतं लिहिलं: ‘आज डोंगरावर विमान ऐकून मी गाडी म्हणून ओरडले.’

तिचा फोनच आला. हसत होती. खूप दिवसांनी पोटातून हसताना ऐकलं तिला, मध्ये खोकला आला तरी थांबेना. म्हणाली, ‘अगं, तू गाडी म्हणायचीस होय? मला वाऱ्यात कायम गायी ऐकू यायचं. मी बापडी इतकी वर्षं गायी शोधत असायचे. म्हटलं हिला बरोब्बर कशा दिसतात, मला एक दिसत नाही.’

‘मग गाडी आलेली तुला कळायचं कसं?’

‘कळायला काय, मला आरसा नाही का? तुझ्या आधी दिसायची मला.’

आरसा. उजव्या हँडलला, लहानसा, गोल, लाल कडेचा. मीच घेऊन दिला होता तिला. मला त्याची गरज नाही म्हणून मी लावला नव्हता.

एवढी वर्षं मी घसा फोडत होते आणि मागे बाईसाहेब आरशात बघत, गायी शोधत, निवांत येत होत्या. म्हणजे मी काही सांभाळलंबिंभाळलं नाही. आणि सांभाळलं नाही म्हणून रडायचंही कारण उरलं नाही, असं म्हणायला हवं, पण ते नारळपाणी काही जात नाही डोक्यातून. ते विचारलं नाही मी तिला. ती म्हणाली असती, कुठलं नारळपाणी?

फोन ठेवताना म्हणाली, ‘मार्चचं काय?’ मी म्हटलं, जायचंय, एकटीनेच. आगरदांड्याहून दिघी, मग दिवेआगर, हरिहरेश्वर, बागमांडल्याची फेरीबोट आणि पलीकडे वेश्वी. जमेल तिथपर्यंत. ती जरा वेळ गप्प बसली. म्हणाली, ‘आरसा घेऊन जा माझा. सायकल नुसती भिंतीला टेकून आहे.’ मी म्हटलं, येते न्यायला. कधी येते ते म्हटलं नाही. मंगळवारी जाईन. दुपारी तिची झोपायची वेळ असते, तर पाचनंतर.

बाईला चिक्की आवडली होती. पुढच्या रविवारी जास्त नेईन, भेटली तर. मैत्रीण पोचली का विचारलंन तर काय सांगायचं ते अजून ठरत नाहीये.

एक पिशवी शिवणीला उसवली होती, डाव्या पॅनिअरच्या तळाशी मूठभर तांदूळ सांडलाय. मुंग्या लागायच्या आत उलटी करून ठेवते.