साधाच आहे हो!

लिफ्टमध्ये एक काका खोकले आणि घाईघाईनं म्हणाले, "साधाच आहे हो!" कुणी विचारलंही नव्हतं.

शेजारची मुलगी तरीही अर्धं पाऊल मागे सरकली. बहुधा तिचं तिलाही कळलं नसेल. खोकल्याचा खुलासा द्यायची ही सवय अजून गेलेली नाही.

कोविडच्या पहिल्याच वर्षात जगभरात चिंता आणि नैराश्याचं प्रमाण २५ टक्क्यांनी वाढलं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये सांगितलं. जास्त झळ तरुणांना आणि स्त्रियांना. पण असं अर्धं पाऊल कुठल्या आकड्यात बसवणार? आणि ज्यांना आपल्या माणसाचं शेवटचं दर्शनही मिळालं नाही, ते? धड रडूनही झालं नाही, तोवर सगळं 'पूर्ववत' झालं म्हणे.

तुमच्या घरी त्या दिवसांबद्दल कुणी बोलतं का? की लगेच विषय बदलतात?