वडिलांशी का बोलत नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

"अजून बोलत नाहीस वडिलांशी?" मावशी, ऑफिसातले, शेजारच्या काकू, सगळे विचारतात आणि लगेच "वय झालंय गं त्यांचं" हे जोडतातच. म्हणून एकदाच लिहिते.

२००५ च्या पुरात सांगलीत गावभागातल्या आमच्या घरात पाणी शिरलं तेव्हा मी आठ वर्षांची होते. बोट आली, आम्ही चौघं बसलो, आज्जी देव सोडून येत नाही म्हणाली, असंच घरात कायम सांगितलं गेलं. दोन दिवसांनी तिला बाहेर काढलं, पण त्या आजारपणातनं ती उठलीच नाही. मीही सगळ्यांना हेच सांगत आले.

२०१९ ला सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५. मी साताऱ्यात नोकरीला होते, टीव्हीवर सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळ गावात पुरातली माणसं नेणारी बोट उलटल्याची बातमी चालली होती आणि मला आज्जी दिसली. जिन्यात उभी, पायात चप्पल, काखेत बोचकं. ज्याला यायचंच नाही ते माणूस चप्पल कशाला घालेल?

दिवाळीत जेवताना अण्णांना, म्हणजे वडिलांना, विचारलं. भाकरी मोडता मोडता थांबले. "ती स्वतःच नको म्हणाली." मी म्हटलं, मग चप्पल? ताट सरकवून उठले. दादा म्हणाला, "सणासुदीचं हे काय काढलंयस?" मी आत गेले तर आई ओट्यापाशी पाठमोरी, हळूच म्हणाली, "चप्पलचं नाही मला आठवत. बोचकं मीच बांधून दिलं होतं." आणि दुधाखालचा गॅस बारीक केला. बाहेर येऊन अण्णांसमोर तेच विचारलं तर म्हणते, मी कुठं असं म्हणाले! त्यावर अण्णा म्हणाले, हा विषय काढायचा असेल तर या घरात यायचं नाही. म्हणजे बोलणं मी बंद केलेलं नाही, हे जरा लक्षात घ्या.

दादानं नंतर खोट्या आठवणींचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या १९९५ च्या प्रयोगाची लिंक पाठवली. लहानपणी तू मॉलमध्ये हरवला होतास अशी खोटी गोष्ट सांगितली तर २४ पैकी ६ जणांना ती थोडीफार आठवायला लागली. वाचलंय मी सगळं. चप्पल माझ्या मनानं घातलेली असू शकते, मान्य. पण त्या प्रयोगात खोटी गोष्ट घरच्यांच्या नावानंच सांगितलेली असते ना? मग 'आज्जी नको म्हणाली' ही गोष्ट मला कुणी सांगितली?

बोट भरली असेल. ब्रह्मनाळला जास्त माणसं बसल्यानं काय झालं ते सगळ्यांनी बघितलं, आणि दोन पोरं घेऊन बसलेल्या माणसानं तेव्हा काय करायचं होतं, हे मलाही सांगता येत नाही. मला त्यांना दोषी ठरवायचं नाहीये असं मी म्हणते खरं, पण कधीकधी ठरवायचंही असतं. जागा नव्हती एवढं ते म्हणाले की मी मोकळी होईन असं तेव्हा वाटायचं, आता तेही वाटत नाही. तरी ऐकायचंय.

आई अधनंमधनं फोन करते, अण्णा बाहेर गेलेले असताना. मी विचारते, ती विषय बदलते. पुढच्या वेळी मला विचारण्यापेक्षा त्यांनाच विचारा, बोटीत जागा होती का. तुम्हाला कदाचित सांगतील.