घडीत दडलेली ओळ

राजा रविवर्म्याचं मूळ तैलचित्र आहे, असं सांगून फ्रेम टेबलावर आली. कमळावर उभी लक्ष्मी, वर पिवळसर चकाकी, कॅनव्हासची वीणही ठळक. ही वीणच भल्याभल्यांना फसवते. ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखा दिसणारा कागदावरचा रंगीत छाप, छापून झाला की त्यावर व्हार्निश देत आणि कॅनव्हासच्या पोताचा ठसा दाबून उठवत. खऱ्या तैलचित्रात रंग जाड असेल तिथे वीण बुजते. इथे चेहरा, साडी, पाणी, सगळीकडे ती एकसारखी होती.

दहापट भिंग गालावर धरलं. ब्रशचा फटकारा कुठेच नाही, नुसते गुलाबी, पिवळे, करडे ठिपके एकमेकांवर चढलेले. ठिपके वेडेवाकडे होते, म्हणजे छपाईच्या दगडावर हाताने काढलेले. ऑफसेटच्या नव्या प्रतीत ते जाळीसारखे ओळीत बसतात. ओठाच्या कडेला लाल रंग केसभर बाहेर सरकला होता. शिळाछपाईत दर रंगाला वेगळा दगड आणि दर वेळी कागद नेमका त्याच जागी बसवायचा. जरा हलला की रंग असा घसरतो.

फ्रेम पालथी करून गंजलेले खिळे पक्कडीने काढले. ते उपसताना पक्कड फ्रेमवर टेकू नये म्हणून खाली पुठ्ठ्याचा तुकडा हवा, नाहीतर लाकूड दबतं. मागे साधी फळी होती. तिच्यातल्या आम्लाने कागद तपकिरी पडला होता. फळीतल्या गाठीचा गोल डागही जसाच्या तसा उमटलेला. वरचा कोपरा काचेला चिकटला होता. मधे पोकळी नसली की दमट हवेत व्हार्निश काच धरतं. असा कागद ओढायचा नाही. सुट्या कडेकडून पॉलिएस्टरची पातळ पट्टी सरकवत गेलो. दीड इंचाला दोन तास लागले, तरी थोडं व्हार्निश काचेवर राहिलंच.

खरं नुकसान मात्र खालच्या डाव्या बाजूला होतं. कुणीतरी ओल्या फडक्याने पुसलं होतं. व्हार्निशच्या भेगांतून पाणी आत जातं, कागद फुगतो, वरचा थर फुगत नाही आणि रंगासकट पापुद्रे सुटतात. सुटलेले पापुद्रे चिकटवले. पिवळं व्हार्निश काढायच्या फंदात पडलो नाही. कापसाच्या बोळ्याने कडेला चाचणी घेतली तेव्हा बोळ्यावर शाई उतरली.

खालची कड आत मुडपलेली होती. घडी उलगडली आणि ओळ दिसली: रविवर्मा प्रेस, कारला-लोणावळा. बहुतेक घरांत फ्रेमच्या मापासाठी हा समास कापून टाकतात, इथे नशिबाने नुसता दुमडला होता. हा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि १८९९ मध्ये लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. म्हणजे प्रत त्यानंतरची. पुढे तो श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला आणि १९०६ मध्ये रविवर्मा वारल्यावरही चित्रं छापत राहिला. त्यामुळे नुसत्या या ओळीवरून प्रत चित्रकाराच्या हयातीतली ठरत नाही.

‘मग हे नकली का?’ फ्रेम ज्यांची होती त्या घरच्यांनी विचारलं. नकली कसं? घरोघरी लक्ष्मी पोचली ती याच कागदावरून. मूळ तैलचित्र मात्र नाही, आणि अहवालात तेच लिहिलं.

मागे आम्लरहित पुठ्ठा घातला, काचेपासून ४ मिलिमीटर अंतर ठेवलं. जुन्या फ्रेमच्या मापाला समास पुन्हा मुडपावा लागला असता. म्हणून नवी फ्रेम एक इंच उंच करून घेतली.