लव्हाळ्याचा क्रॉस आणि सहा मात्रांची जिग : माझा अनुभव

आयर्लंडमध्ये संत ब्रिजिडच्या नावाने सार्वजनिक सुट्टी देण्यास २०२३ साली सुरुवात झाली. त्या पहिल्या सुट्टीच्या दिवशी, म्हणजे ६ फेब्रुवारीच्या सोमवारी, माझ्या आठ वर्षांच्या मुलीने शाळेत रंगीत तारांचा केलेला चार हातांचा क्रॉस माझ्यापुढे धरला आणि तो दारावर कशासाठी लावायचा, असे विचारले. मला उत्तर देता आले नाही. डब्लिनमधील आमच्या रविवारच्या मराठी वर्गात मुले गुढी, गणपती आणि दिवाळी मनापासून शिकतात. परंतु ज्या मातीत ती वाढत आहेत, तिच्या ऋतूंचे सण त्यांना कोणी हाताला धरून दाखवलेले नव्हते. आयरिश भाषेत मे महिन्याचे नाव ब्यालटिना, ऑगस्टचे लूनसा आणि नोव्हेंबरचे साउइन आहे. ही नावे मुले शाळेत रोज फळ्यावर लिहीत होती, पण ती मुळात सणांची नावे आहेत हे त्यांना ठाऊक नव्हते. ब्रिजिडच्या दिवसाचे जुने नाव इम्बोल्क. या चार केल्टिक सणांची चार सत्रे, प्रत्येक सण त्याच्या त्याच्या दिवसांत, गाणे आणि हस्तकला यांच्या आधारे घ्यायची असे मी ठरवले.

पहिली पायरी कागदपत्रांची होती. मुलांसोबत नियमित काम करणाऱ्या प्रत्येकाला येथे पोलिसांकडून पडताळणी करून घ्यावी लागते. तिला गार्डा व्हेटिंग म्हणतात. त्या अर्जात जन्मापासून आजपर्यंत आपण जिथे जिथे राहिलो, ते सर्व पत्ते द्यावे लागतात. सोलापूरचे घर, पुण्यातील वसतिगृह, नंतरच्या दोन भाड्याच्या खोल्या असे करत मी यादी केली. तरीही मधले सात महिने सुटले आणि अर्ज परत आला. ज्यांना असे काही सुरू करायचे असेल, त्यांनी ही यादी आईवडिलांना फोन करून आधीच पूर्ण करून ठेवावी. सत्र जाहीर करण्यापूर्वी निदान दोन महिने हाताशी ठेवावेत.

त्याच काळात मी वाचन सुरू केले आणि तेथे माझी मोठी अडचण झाली. इंटरनेटवर ‘दोन हजार वर्षांपूर्वी ड्रुइड लोक (प्राचीन केल्टिक पुरोहित) असे करत’ अशा मजकुराचा सुकाळ आहे, पण त्यातील फारच थोड्याला आधार आहे. जुन्या आयरिश हस्तलिखितांत हे चार दिवस येतात. ब्यालटिनाला दोन अग्नींच्या मधून गुरे नेत, असा उल्लेखही त्यांत आहे. परंतु लव्हाळ्याचा क्रॉस, मे महिन्याचे सजवलेले झुडूप, कोरलेला कंद या ज्या गोष्टी मुलांच्या हातून करून घ्यायच्या, त्यांची तपशीलवार माहिती अलीकडच्या काही शतकांतील शेतकरी घरांकडूनच मिळते. या दृष्टीने मला सर्वांत मोलाचा ठेवा सापडला तो १९३७ ते १९३९ या काळातील शालेय संग्रहाचा. त्या वेळी सुमारे ५,००० शाळांतील सुमारे ५०,००० मुलांनी आपल्या आजीआजोबांना आणि शेजाऱ्यांना विचारून चालीरीती, गोष्टी आणि उपाय वह्यांत उतरवून घेतले, आणि आज ती पाने कोणालाही पाहता येतात. दहा-बारा वर्षांच्या मुलांचे ते अक्षर वाचल्यावर आपण मुलांना काय सांगायचे आणि काय सांगायचे नाही, हे मला स्वच्छ दिसले. जे कोणीतरी पाहिले, केले आणि सांगितले, तेवढेच आम्ही सांगणार होतो.

दुसरा आधार आमच्या शेजारच्या आजींचा. त्या मूळच्या मेयो परगण्यातील. लहानपणी ब्रिजिडच्या दिवसाच्या आदल्या, म्हणजे ३१ जानेवारीच्या रात्री घराबाहेर झुडपावर कापड टाकून ठेवत, ब्रिजिड त्या रात्री जाता जाता त्याला स्पर्श करते अशी श्रद्धा असे, आणि वर्षभर कोणाचे डोके दुखले की तेच कापड कपाळाला बांधत, हे त्यांनी मला चहाच्या टेबलावर सांगितले. मी त्यांना सत्राला येण्याची विनंती केली. त्या आल्या आणि त्यानंतरच्या प्रत्येक सत्राला येत राहिल्या.

क्रॉस ज्याचा करतात ती वनस्पती आपल्या लव्हाळ्यासारखीच ओलसर जागी वाढते. महापुरात झाडे जातात आणि लव्हाळे वाचतात, हे आपण लहानपणापासून ऐकतो; येथील शेतकऱ्याला मात्र ते शेतातील तण वाटते, त्यामुळे डब्लिनजवळच्या विक्लो परगण्यातील एका शेतकऱ्याने आनंदाने परवानगी दिली. मी उत्साहाने आठवडाभर आधीच काड्या आणल्या आणि घरात हीटरजवळ ठेवल्या. चार दिवसांत त्या वाळल्या आणि दुमडताच तुटू लागल्या. आजींनी सांगितले की, काड्या आदल्या दिवशी आणाव्यात, कापू नयेत, मुळाजवळ धरून उपटाव्यात आणि ओल्या चादरीत गुंडाळून ठेवाव्यात. २८ जानेवारी २०२४ च्या सत्रासाठी मी शनिवारी पुन्हा गेले.

कृती अशी की, एक काडी उभी धरायची, दुसरी मधोमध दुमडून तिच्यावर चढवायची, सगळे पाव वळसा फिरवायचे आणि पुढची काडी आधीच्या दुमडीवर चढवायची. मधला चौकोन अंगठ्याने घट्ट दाबून धरणे हेच सगळे कसब आहे. अंगठा सुटला की क्रॉस सुटतो. सहा वर्षांच्या मुलांच्या अंगठ्यांना ते जमेना, तेव्हा आम्ही त्यांना जोडीने बसवले. एकाने चौकोन धरायचा आणि दुसऱ्याने काडी चढवायची. काडी मोडली की आतून पांढरा, कापसासारखा गाभा बाहेर येतो; मुलांना क्रॉसपेक्षा त्याचेच अधिक अप्रूप वाटले आणि मी त्यांना थांबवले नाही. हात गुंतलेले असताना आजींनी सांगितले की, हा क्रॉस घराला आगीपासून राखतो अशी समजूत होती, कारण गवताच्या छपरांच्या घरांत आगीचे भय मोठे होते. माझ्या मुलीला तिच्या प्रश्नाचे उत्तर असे वर्षभराने मिळाले. गोष्ट आधी आणि काम नंतर, हा क्रम मी त्या दिवसापासून सोडून दिला.

संगीतासाठी मी बाउरॉन हे वाद्य निवडले. ते आपल्या डफासारखे, बकऱ्याच्या कातड्याने मढवलेले असते. ते उभे धरून एक हात कातड्याच्या मागे ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने लहान काठीने वाजवायचे. जिग या नाचाची लय सहाच्या गणतीत, तीन-तीनच्या दोन भागांत चालते आणि ती मुलांना शिकवण्यासाठी येथे ‘रॅशर्स अँड सॉसेजेस’ (बेकनचे काप आणि सॉसेज) असे बोल वापरतात. आमच्या वर्गातील तबला शिकणाऱ्या एका मुलाने ते ऐकताच ‘धा धी ना, धा ती ना’ म्हणायला सुरुवात केली. दादरा आणि जिग एक नव्हेत. चाल, वेग, आघात सर्व वेगळे. तरीही तीन-तीनचा हिशेब मुलांच्या अंगात आधीच होता, आणि ज्यांना मांसाहाराचे बोल नको होते त्यांनी ‘कांदा नि, बटाटा’ असे बोल स्वतः तयार केले. पुढची दहा मिनिटे सभागृहात दुसरे काही ऐकू आले नाही. बाउरॉन एकच होता, म्हणून बाकीच्यांनी मांडीवर ताल धरला.

ब्यालटिनाच्या सत्रात एप्रिलभर साठवलेली अंड्यांची रंगवलेली टरफले आणि फिती अंगणातील काटेरी झुडपावर बांधली. उन्हाळा सोबत घेऊन आल्याचे सांगणारे एक जुने आयरिश गीतही बसवले. मेच्या आदल्या संध्याकाळी उंबरठ्यावर पिवळी फुले ठेवत, हे ऐकून मुलांच्या आयांनाच अधिक आनंद झाला. लूनसाचे सत्र मात्र फसले. ऑगस्टमध्ये निम्मी कुटुंबे भारतात असतात, आणि गव्हाच्या काडाची वेणी घालून सुगीच्या गाठी करायच्या तर लांब, अखंड काड हवे; आताची कापणीयंत्रे ते चुरडून टाकतात. पाच मुले आली आणि आम्ही कागदाच्या पट्ट्यांवर भागवले. सुगीचा वास नसलेल्या त्या गाठी मला खोट्या वाटल्या.

साउइनला, म्हणजे ज्यातून आजचा हॅलोविन आला त्या सणाला, भोपळ्याऐवजी येथे ज्याला टर्निप म्हणतात तो जांभळट-पिवळा कंद कोरला, कारण भोपळा ही आयरिश लोक अमेरिकेत गेल्यानंतरची गोष्ट आहे. डोनेगलमधील फिनटाउन येथील अशा एका कोरीव चेहऱ्याची प्रतिकृती मेयोतील राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिचे छायाचित्र पाहून मुले खरोखर गप्प झाली. कंद दगडासारखा कठीण असतो. वरची चकती मोठ्यांनी कापली, आतला गर मुलांनी स्टीलच्या चमच्यांनी खरवडला, आणि एकेका दिव्याला दीड तास लागला. आत मेणबत्ती लावली की भाजल्या कोबीसारखा उग्र दर्प येतो. काही दिवसांत चेहरा सुरकुतून म्हाताऱ्यासारखा होतो.

२०२४ साली दिवाळी त्याच आठवड्यात आली. दोन्ही दिव्यांचेच सण, तर एकत्र करू, असे काही पालकांनी सुचवले. मी नम्रपणे नकार दिला. साउइनच्या रात्री घरातील दिवंगत माणसांसाठी चुलीजवळ जागा आणि अन्न ठेवत, असे आजींनी सांगितले तेव्हा एका मुलीने स्वतःहूनच विचारले, ‘म्हणजे आपल्या सर्वपित्रीसारखे का?’ तिची तुलना आमच्यापेक्षा नेमकी होती. आकाशकंदील आम्ही पुढच्या रविवारी, वेगळ्याने केला.

२०२५ च्या फेब्रुवारीत एक मुलगा गेल्या वर्षीचा क्रॉस पिशवीत घेऊन आला. हिरवा रंग जाऊन तो पेंढ्यासारखा झाला होता, एका हाताचा दोरा सुटला होता, आणि आता नवा केल्यावर याचे काय करायचे, हा त्याचा प्रश्न होता. आजींनी तो हातात घेऊन दोरा पुन्हा बांधला. त्यांच्या घरी जुना क्रॉस कधी टाकत नसत, छपराच्या वाशांत खोचून ठेवत आणि दर वर्षी त्यांत एकाची भर पडे, असे त्यांनी त्याला सांगितले. त्याचे घर चौथ्या मजल्यावरचे, त्याला वासे नाहीत. त्याच्या आईने दुसऱ्या दिवशी छायाचित्र पाठवले : दाराच्या चौकटीवर, तोरणाच्या वर, एक हिरवा आणि एक पिवळा क्रॉस शेजारी शेजारी लावलेले होते.